मुंबईच्या पलटणीची बंदूक

मुंबईच्या पायदळ पलटणीतला शिपाई कवायतीला उभा राही तेव्हा त्याच्या हातातली बंदूक, तिच्या टोकाची संगीन आणि तोसदानातली काडतुसे सरकारची असत. अंगावरचा लाल कोटही सरकारातून येई, पण त्याची किंमत या ना त्या वाटेने पगारातून वळती होई. उरलेले बहुतेक सामान त्याने स्वतःच्या पैशांनी घेतलेले असे. अठराव्या शतकाच्या मध्यापासून पहिल्या महायुद्धापर्यंत हा हिशेब मुळात फारसा बदलला नाही. बंदुका इंग्लंडात घडत आणि जहाजाने मुंबईच्या किल्ल्यात उतरत. दारू माझगावला तयार होई, तोफगाडे कुलाब्यात बनत. शिपाई मात्र रत्नागिरी-कुलाबा जिल्ह्यांतून, साताऱ्याकडून आणि घाटमाथ्यावरून येत. मराठे, महार, बेने इस्राएल, मुसलमान, उत्तरेकडचे परदेशी असे सगळे एकाच कंपनीत उभे राहात.

मुंबई बेट १६६८ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात आले, तेव्हा इंग्लंडच्या राजाने ठेवलेली छोटी फौजही कंपनीकडे आली. व्यापाऱ्यांच्या कंपनीला फौज म्हणजे तोट्याचे खाते वाटे, आणि काटकसर करायची झाली की कात्री पहिल्यांदा तिथेच लागे. गव्हर्नर जेराल्ड ऑंजियरने बेटावरच्या जमीनदारांकडून माणसे मागून मिलिशिया उभी केली. माहीम-दादरकडचे भंडारी त्यात मोठ्या संख्येने होते. पुढे सुरतेच्या जॉन चाइल्डने खर्च आणखी छाटला आणि पगार-भत्त्यांवरून कुरबुर वाढत गेली. २७ डिसेंबर १६८३ रोजी कॅप्टन रिचर्ड केग्विनने शिपायांना हाताशी धरून बेटाचा ताबाच घेतला. जवळजवळ वर्षभर मुंबईवर कंपनीचे नव्हे, केग्विनचे राज्य होते. फौजेवरची बचत महागात पडते हे कंपनीला इतक्या लवकर दिसले होते, पण तिने ते कधी नीटसे मनावर घेतले नाही.

१६८९ साली जंजिऱ्याचा सिद्दी याकूतखान शिवडीला उतरला आणि माझगावची गढी घेत डोंगरीपर्यंत आला. माझगावच्या शिबंदीने पळताना तोफा, दारू आणि नव्या हत्यारांच्या पेट्या जागच्या जागी सोडल्या. कंपनीच्या माणसांना किल्ल्यात कोंडून सिद्दीने त्यांच्याच सामग्रीचा त्यांच्यावर वापर केला. साठा एका जागी आणि माणसे दुसरीकडे, ही अडचण पुढच्या दोनशे वर्षांत अनेकदा दिसते.

शिपायांच्या शिस्तबद्ध पलटणी मात्र बऱ्याच उशिरा आल्या. १७६८च्या ऑगस्टात मुंबई शिपायांची दुसरी बटालियन उभी राहिली. मराठा लाइट इन्फंट्रीची आजची जंगी पलटण ती हीच. काळी पाचवी म्हणून ओळखली जाणारी पलटणही त्याच वर्षीची. १७७७ साली मरीन बटालियन निघाली. कंपनीच्या लढाऊ जहाजांवर पहाऱ्याला जाणारे हे शिपाई, आणि त्यांची वस्ती गिरगावच्या दक्षिणेला. त्या बराकी गेल्या, तरी मरीन लाइन्स हे नाव रेल्वे स्थानकामुळे टिकले. सुरुवातीच्या शिपायाचा पोशाख अर्धा इंग्रजी, अर्धा देशी असे. वर लाल कोट, खाली मांड्यांपर्यंतचा पांढरा जांघिया, डोक्याला पागोट्यासारखी टोपी आणि पायांत चपला किंवा काहीच नाही. इंग्रजी बूट शिपायाच्या पायात यायला पुढे कित्येक वर्षे जावी लागली.

त्याच्या हातातली बंदूक मात्र पूर्ण इंग्रजी होती. कंपनी लंडन आणि बर्मिंगहॅमच्या कारागिरांकडून बंदुका करवून घेई, आपल्या गोदामात तपासून घेई आणि चापावर आपली खूण उमटवून जहाजावर चढवी. ही चकमकीची, पाऊण इंची तोंडाची, सुमारे पाच किलो वजनाची बंदूक होती. ब्रिटिश सैन्यात तिला ‘ब्राउन बेस’ म्हणत. कंपनीने खर्च वाचवण्यासाठी नळी ३९ इंचांवर आणली, कलाकुसर काढून टाकली आणि भराभर बनवता येईल असा साधा नमुना पक्का केला. १७९०च्या दशकात फ्रान्सशी युद्ध जुंपले आणि ब्रिटिश सरकारलाच बंदुका कमी पडल्या, तेव्हा सरकारने कंपनीचाच माल उचलला आणि १७९७पासून तोच नमुना स्वतःच्या सैन्याला दिला. त्याचे नावच ‘इंडिया पॅटर्न’ पडले. इंग्रज शिपाई आणि मुंबईचा शिपाई यांच्या हातात अगदी सारखे हत्यार असण्याचा हा काळ. पुढचा इतिहास पाहता तो थोडाच टिकला.

बंदर उघडे आणि किल्ला बंद, अशा त्या मुंबईत शस्त्रागार बॉम्बे कॅसलमध्ये होते. आजच्या टाउन हॉलच्या मागे, नौदलाच्या ताब्यात असलेला हा भाग. जहाजातून आलेल्या पेट्या बंदरावरून थेट तिथे नेता येत. दारूचा कारखाना वस्तीपासून दूर हवा, म्हणून तो माझगावला. रे रोडजवळच्या दारूखान्याला ते नाव दारूच्या कोठारांमुळे मिळाले. आज तिथे जहाजे फोडतात. सोरा बहुतांशी बंगाल-बिहारकडून येई, गंधक परदेशातून, कोळसा जवळपासचा. किल्ल्याच्या तटासमोर तोफेचा मारा मोकळा राहावा म्हणून मोठे मैदान रिकामे ठेवलेले होते. आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल, कूपरेज हे त्याचेच तुकडे. कूपरेजला आरमाराच्या खारवलेल्या मांसासाठी पिंपे बनत, म्हणून ते नाव. १८०३च्या फेब्रुवारीत फोर्टात मोठी आग लागली. तिच्यानंतर किल्ल्याबाहेरची वस्ती काळबादेवी-गिरगावच्या बाजूला झपाट्याने वाढली.

पलटणीत आलेली बंदूक शिपायाच्या झोपडीत राहात नसे. ती कोतात, म्हणजे पलटणीच्या शस्त्रकोठीत, ठेवली जाई. कोताला पहारा असे, मोजणी होई आणि कामापुरती बंदूक बाहेर निघे. काडतूस म्हणजे जाड कागदाची नळी, तिच्यात शिशाची गोळी आणि दारू. अशी काडतुसे पलटणीतच वळली जात. शिपाई दातांनी टोक फोडी, थोडी दारू चापाजवळच्या कानात घाली, उरलेली नळीत ओती, मग गोळी गजाने ठासून बसवी. चांगला शिपाई मिनिटाला तीन बार काढी. शंभर पावलांपलीकडे नेम धरणे म्हणजे नशिबाचा भाग. तोसदानात मावतील तितकीच काडतुसे अंगावर, बाकी बैलांवर. पावसाळ्यात दारू ओली होई आणि चकमक झडत नसे. कोकणात नि घाटात पावसाळी मोहीम टाळण्याचे हे एक साधे कारण होते.

शिपायाचा पगार महिना सात रुपये. हा आकडा एकोणिसाव्या शतकात इतका काळ जागचा हलला नाही की त्याचीच एक परंपरा झाली. १८९५ साली तो नऊ रुपये झाला, पुढे अकरा. यातूनच शर्ट, विजार, चपला, पाठपिशवी, कंबरपट्ट्यापासून लोट्यापर्यंत सगळे आले. पलटणीच्या कारकुनी भाषेत याला ‘हाफ मौंटिंग’ म्हणत. झोपडी बांधायला थोडे पैसे मिळत, बांधकाम मात्र शिपायाचेच. धान्य पलटणीच्या बाजारातल्या वाण्याकडून उधारीवर येई आणि पगाराच्या दिवशी हिशेब चुकता होई. धान्य फार महागले तर सरकार महागाईभत्ता देई, आणि मोहिमेवर निघाले की शिधा. पलटणीबरोबर वाणी, शिंपी, मोची, लोहार, सिकलगार, भिस्ती असा सगळा बाजार चाले. मुंबईच्या पलटणींत बायकापोरेही लायनीत राहात. म्हणजे एका शिपायामागे खाणारी तोंडे तीन-चार, आणि सरकारच्या वहीत मात्र एकच.

लढाईपेक्षा सामान हलवणे अवघड, हे मुंबईच्या फौजेला पहिल्या मोठ्या मोहिमेतच कळले. राघोबाला पेशवाईवर बसवण्यासाठी १७७८च्या अखेरीस सुमारे ३,९०० माणसांची फौज पनवेलहून निघाली. तिच्याबरोबर १९,००० बैल होते. बोरघाटातून हा पसारा वर चढवायचा आणि पुण्याच्या दिशेने न्यायचा, त्यामुळे फौज दिवसाला जेमतेम दोन-तीन मैल सरकत होती. महादजी शिंद्यांनी आणि हरिपंत फडक्यांनी समोरचा मुलूख उजाड करून टाकला, चारा-धान्य जाळले आणि हैराण करत फौजेला तळेगावपर्यंत येऊ दिले. ११ जानेवारी १७७९च्या रात्री इंग्रजांनी जड तोफा तळ्यात ढकलल्या, साठे पेटवले आणि मागे वळले. वडगावला तह करावा लागला. एका माणसामागे जवळपास पाच बैल घेऊन निघालेल्या फौजेला उपासमारीची धास्ती मागे फिरवते, यात विसंगती काही नाही. बैलही खातातच.

१८०३ साली मराठ्यांशी लढायला निघालेल्या आर्थर वेलस्लीने हा धडा मनावर घेतला होता. म्हैसूरचे निवडक बैल, धान्याचे आगाऊ साठे आणि नदी ओलांडण्याची तयारी यांवर त्याने आधी डोके खपवले. नद्यांसाठी त्याने मुंबईकडे पूल बांधायच्या नावा मागवल्या. त्या वाहणारे गाडे पनवेलहून निघाल्यावर पावसाळी रस्त्यात मोडले, आणि शेवटी वेताच्या टोपलीसारख्या, कातडे मढवलेल्या देशी नावांनीच काम भागले. आधुनिक यंत्रणा मोडावी आणि टोपली तरावी, असे प्रसंग लष्करी पुरवठ्याच्या इतिहासात पुन:पुन्हा भेटतात. असईच्या रणांगणावर वेलस्लीला दुसरी एक गोष्ट दिसली. शिंद्यांच्या पायदळाच्या तोफा आणि सरंजाम इंग्रजांपेक्षा कमी नव्हते. शिंद्यांच्या नोकरीतल्या द बॉईनने आग्र्याला उभे केलेले कारखाने बंदुका आणि तोफा इथेच घडवत होते. मराठी राजमंडळाच्या फौजांकडे शस्त्रांची वाण नव्हती. पगार थकत, सरदार एकमेकांना सोडून जात आणि भाडोत्री फिरंगी अधिकारी ऐन वेळी पाय काढत, हे दुखणे मोठे होते.

१८३० साली बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला आणि मुंबई-पुणे सामान बैलांच्या पाठीवरून गाड्यांत आले. १८४०च्या दशकात चकमकीची जागा तांब्याच्या टोपीने घेतली. पावसातही बार हमखास निघू लागला. हा बदल वाजवी वेळात देशी पलटणींपर्यंत पोहोचला. पुढची पायरी एनफील्डची होती, आणि तिच्याशी सगळे अडले.

१८५३च्या नमुन्याची एनफील्ड ही खरी रायफल. नळीत पेचदार खाचा, त्यामुळे गोळी फिरत जाई आणि काही शे यार्डांपर्यंत नेम धरता येई. तिचे काडतूस चरबी लावलेले असे, म्हणून बंगालच्या फौजेत काय भडका उडाला हे सर्वांना ठाऊक आहे. मुंबईच्या फौजेत तसे झाले नाही. पलटणींत जातींची सरमिसळ होती आणि सोवळेपणाचा मामला तितका कडक नव्हता, हे त्याचे एक कारण. तरी ३१ जुलै १८५७ रोजी कोल्हापुरात २७वी पलटण बिघडली. मुंबई शहरात पोलीस प्रमुख चार्ल्स फोर्जेटने वेषांतर करून कटाचा माग काढला. मरीन बटालियनचा ड्रिल हवालदार सय्यद हुसेन आणि १०व्या पलटणीचा शिपाई मंगल गाडिया यांना १५ ऑक्टोबर १८५७ रोजी किल्ल्यासमोरच्या मैदानात तोफेच्या तोंडी दिले. उरलेल्या शिपायांना ते पाहायला उभे केले होते.

बंड शमल्यावर पील आयोगाने फौजेची फेरमांडणी सुचवली. काही डोंगरी तोफखाने सोडले तर देशी शिपायाच्या हाती तोफ ठेवायची नाही, असे ठरले. बंदुकीबाबतचा निर्णय त्याहून सूक्ष्म होता. देशी पलटणींसाठी एनफील्डसारखीच दिसणारी, पण आतून खाचा नसलेली, गुळगुळीत नळीची बंदूक खास बनवली गेली. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्हींत फरक कळत नसे.  यापुढे गोऱ्या सैनिकाच्या हातात जे हत्यार असेल त्याच्या एक पिढी मागचे देशी शिपायाला, हा नियम जवळपास चाळीस वर्षे पाळला गेला. पैशाची बचत हे त्याचे दुय्यम कारण होते. मुख्य कारण अविश्वास.

याच सुमारास एनफील्ड जगाच्या दुसऱ्या टोकाला बोटी भरभरून जात होती. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली. दक्षिणेकडच्या संघराज्याकडे कापूस भरपूर आणि कारखाने थोडे. त्यांच्या शस्त्रखात्याचा प्रमुख जोसाया गोरगस आणि युरोपातला खरेदीदार कॅलेब ह्यूज यांनी इंग्लंडातून एनफील्ड विकत घेतल्या. बर्म्युडा आणि नासाऊमार्गे, उत्तरेच्या आरमाराची नाकेबंदी चुकवून, त्या दक्षिणेच्या पलटणींपर्यंत पोहोचवल्या जात. दाम बव्हंशी कापसात मोजले जाई. ज्या पलटणीला एनफील्ड मिळत नसे तिला जुनी गुळगुळीत नळीची बंदूक, नाहीतर शत्रूकडून हिसकावलेली. जोडे, घोंगड्या, पाठपिशव्या यांचे तर नेहमीच हाल. नाकेबंदीमुळे लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, म्हणून त्या मुंबईकडे वळल्या. कुलाब्याच्या कापूस बाजारात गठ्ठ्यांचे डोंगर लागले, भाव आभाळाला भिडले, गव्हर्नर बार्टल फ्रियरने फोर्टचे तट पाडायला काढले आणि समुद्र हटवण्याच्या कंपन्यांचे शेअर घ्यायला गिरगाव-काळबादेवीचे लोक धावले. एप्रिल १८६५मध्ये दक्षिणेने हत्यार टाकले. १ जुलैला वायद्याचे सौदे चुकते करायचे होते, त्या दिवशी मुंबईतली पेढ्यांची रांग कोसळली. या चार वर्षांत अमेरिकेतल्या बंडखोर शेतकऱ्याच्या हाती एनफील्ड होती, आणि ज्या बंदरातून इंग्लंडचा कापूस सुटत होता तिथल्या सरकारी पलटणींना गुळगुळीत नळी.

या बंदुका घेऊन मुंबईच्या पलटणी १८६७ साली अ‍ॅबिसिनियाला निघाल्या. सम्राट तेवोद्रोसने ब्रिटिश वकील आणि इतर युरोपियनांना मगदला गडावर कैद केले होते. मोहिमेचे काम मुंबई फौजेचा सरसेनापती रॉबर्ट नेपियरकडे आले. मुंबई बंदर एका मोहिमेची संपूर्ण कोठी झाले. सुमारे १३,००० सैनिक, त्यांच्या दुप्पट नोकर-हमाल-माहूत, चाळीस हजारांच्या आसपास जनावरे, ४४ हत्ती. भाड्याने घेतलेली शेकडो जहाजे. लाल समुद्रावरच्या झुला बंदरावर धक्के, पाणी गाळायची यंत्रे आणि दहा-बारा मैलांचा लोहमार्ग उभारायचा होता. रूळ, इंजिने, स्लीपर, मजूर हे बहुतेक मुंबईहून गेले. तिथल्या बाजारात मारिया तेरेसाचे चांदीचे डॉलर चालत, म्हणून तेही व्हिएन्नाच्या टांकसाळीतून मागवून पेट्यांत भरले.

नेपियरची तयारी तपशिलातली होती, पण एका ठिकाणी ती फसली. खेचरे इजिप्तपासून इराणी आखातापर्यंत मिळेल तिथून विकत घेतली गेली आणि लगाम, दावी, हाकणारे यांची वेळेवर जमवाजमव न होता झुल्याच्या वाळूत उतरवली गेली. दोर चावून ती मोकाट सुटली. पाणी नव्हते, रोग पसरला, हजारो मेली. बारबरदारीच्या, म्हणजे ओझेवाहतुकीच्या, खात्याचे पुढारी आणि मुंबईचे अधिकारी एकमेकांकडे बोटे दाखवत राहिले. नेपियर स्वतः जानेवारी १८६८मध्ये पोहोचला तेव्हा अव्यवस्था निस्तरण्यात त्याचे पहिले आठवडे गेले. पुढे सामान कमी करत, अधिकाऱ्यांचे तंबू आणि नोकर छाटत फौज चारशे मैल डोंगरांतून गेली. १० एप्रिल १८६८ रोजी अरोगे येथे लढाई झाली. ब्रिटिशांच्या चौथ्या पलटणीकडे नव्या, मागून भरायच्या स्नायडर रायफली होत्या. या हत्याराची मोठ्या लढाईतली ही पहिली परीक्षा. मिनिटाला दहा बार. त्याच रणात पंजाब पायोनियर्सचे शीख ठासणीच्या बंदुका आणि संगिनी घेऊन हातघाईला भिडले. मुंबईच्या पलटणींपैकी २७वी बलुची मगदलापर्यंत गेली, १०वी आघाडीच्या तुकडीबरोबर सर्वांत आधी उतरली होती. बहुतेक देशी पलटणींकडे गुळगुळीत नळीच्या बंदुका, काहींकडे एनफील्ड. १३ एप्रिलला मगदला पडला. हानी थोडी झाली म्हणून हत्यारांतला हा फरक कोणाला सलला नाही. खर्च मात्र नव्वद लाख पौंडांच्या घरात गेला.

स्नायडर म्हणजे एनफील्डच्याच नळीला मागे बिजागरीची झडप बसवलेली रायफल. १८७०च्या दशकात ब्रिटिश पलटणींना मार्टिनी-हेन्री मिळू लागली, तेव्हा त्यांच्या उतरत्या स्नायडर देशी पलटणींकडे आल्या. त्याबरोबर पुरवठ्याची एक जुनी सोय गेली. कागदी काडतूस पलटणीत वळता येई. पितळी तळाचे काडतूस यंत्रावरच बनते. त्यासाठी १८६९ सालीच पुण्याजवळ खडकीला काडतुसांचा कारखाना उभा राहिला होता. त्याच्या सहा वर्षे आधी बोरघाटातून रेल्वे गेलेली असल्याने खडकी ते मुंबई बंदर हा रस्ता आता एका दिवसाचा होता. पलटणीचे तोसदान कारखान्यावर अवलंबून झाले. खडकीचा माल संपला की पलटण गप्प.

अफगाण युद्धात, २७ जुलै १८८० रोजी कंदाहारजवळ मैवंदला याचा हिशेब लागला. जनरल बरोजच्या ब्रिगेडमध्ये मुंबईच्या दोन पलटणी होत्या, पहिली ग्रेनेडियर्स आणि तिसावी जेकब्स रायफल्स. दोघींकडे स्नायडर. ब्रिटिशांच्या ६६व्या पलटणीकडे मार्टिनी-हेन्री. जेकब्स रायफल्समध्ये नवे रंगरूट पुष्कळ होते आणि अनेकांचा नेमबाजीचा सराव पुरा झालेला नव्हता. समोर अयूबखानाचे कितीतरी पट मोठे सैन्य आणि तीसेक तोफा. जुलैचे ऊन, पाणी नाही. ब्रिगेडकडे आयत्या वेळी हाती लागलेल्या सहा गुळगुळीत तोफा होत्या, त्यांना गोळे मोजकेच. दुपारी गोळे संपले म्हणून त्या तोफा मागे नेल्या. शेजारच्या शिपायांना ती माघार वाटली आणि जेकब्स रायफल्सच्या डाव्या टोकाच्या कंपन्या ढळल्या. त्यांच्या रेट्याने ग्रेनेडियर्स गोंधळले. ब्रिगेडची सुमारे ९७० माणसे त्या दिवशी मारली गेली. मार्टिनी-हेन्रीवाली ६६वी पलटणही वाचली नाही, तेव्हा सगळा दोष स्नायडरच्या माथी मारता येणार नाही. पण दारूगोळ्याची तूट आणि अर्ध्या तयारीचे रंगरूट ही कारणे पुढे कागदांत मागे पडली. मुंबईचा शिपाई लढाऊ नाही, हा निष्कर्ष तेवढा पुढे आला. ‘लढाऊ जातीं’च्या मताचा जोर वाढला, आणि १८९०च्या दशकात महारांची भरती बंद झाली. निवृत्त हवालदार गोपाळ बाबा वलंगकरांनी याविरुद्ध अर्ज लिहिला. डॉ. आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ याच फौजेतले. 

खाकी याच काळात रुळली. अ‍ॅबिसिनियात ती मोहिमेपुरती होती, १८८५च्या सुमारास हिंदुस्थानातल्या फौजेचा कामाचा पोशाख म्हणून पक्की झाली. लाल कोट समारंभापुरता उरला. वायव्य सरहद्दीवरच्या १८९७च्या तिराह मोहिमेत ब्रिटिशांकडे धूर न करणाऱ्या दारूची ली-मेटफर्ड होती, देशी पलटणींकडे काळ्या धुराची मार्टिनी. बार काढला की कुठून आला हे आफ्रिदींना धुरावरून दिसे. १८९५ साली मुंबईची वेगळी फौज मोडून सर्व हिंदुस्थानचे एक सैन्य झाले. १९०३ साली किचनरने नवे क्रमांक दिले आणि मुंबईच्या पलटणींच्या जुन्या आकड्यात शंभर मिळवले. तिसरी झाली १०३वी, दहावी झाली ११०वी. कालांतराने ली-एनफील्डही आली. ईशापूरच्या कारखान्यात ती हिंदुस्थानातच बनू लागली.

१६ ऑक्टोबर १९१४ रोजी मुंबईहून निघालेल्या जनरल डेलामेनच्या ब्रिगेडमध्ये ११७वी मराठा होती. ६ नोव्हेंबरला ही फौज मेसोपोटेमियाच्या किनाऱ्यावर फावला उतरली. १०३वी आणि ११०वी मागोमाग तिथे पोहोचल्या. बंदुका यावेळी पुरेशा बऱ्या होत्या, तूट बाकी सगळ्याची. दर पलटणीला दोन मशीनगन. बसऱ्याला धक्का नाही, रस्ते नाहीत, रेल्वे नाही. तैग्रिस हाच रस्ता, आणि तिच्यात चालतील अशा कमी खोलीच्या बोटी मूठभर. मुंबईहून जहाजे येऊन आठवडेच्या आठवडे नांगर टाकून उभी राहात. सिमल्यात अर्थखात्याचे विल्यम मेयर प्रत्येक मागणीत काटछाट करत होते आणि फौज मात्र बगदादकडे ढकलली जात होती. नोव्हेंबर १९१५मध्ये टेसिफोनच्या लढाईनंतर जखमींना स्प्रिंग नसलेल्या खेचरगाड्यांतून नदीपर्यंत आणले गेले. मग जनरल टाउनशेंडची फौज कुत-अल-अमाऱ्यात वेढली गेली. १४७ दिवस. बॉम्बफेकीसाठी साधन नव्हते तेव्हा बंद पडलेल्या विमानाच्या इंजिनाच्या सिलिंडरांपासून उखळी तोफ बनवली गेली. एप्रिल १९१६मध्ये विमानांतून धान्याच्या गोण्या टाकल्या, त्यातल्या काही नदीत पडल्या. २९ एप्रिलला शरणागती झाली. १०३वी, ११०वी आणि ११७वी या तिन्ही पलटणी कैदेत गेल्या.

जून १९१७मध्ये मेसोपोटेमिया आयोगाचा अहवाल आला. त्याने हिंदुस्थान सरकारच्या काटकसरीवर स्पष्ट ठपका ठेवला, आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेनने राजीनामा दिला. त्याच वर्षी टॉमस हॉलंडच्या हाताखाली म्युनिशन्स बोर्ड बसले. खाकी कापडापासून तंबूच्या जाड कापडापर्यंतची मागणी मुंबईच्या गिरण्यांकडे आली. लालबाग-परळच्या यंत्रमागांवर लष्करी माल चढला. बसऱ्याला धक्के झाले, नदीवर बोटी वाढल्या, पलटणींना लुईस गन मिळाल्या.

शिपायासाठी १९१७ सालचा मोठा बदल वेगळाच होता. शांततेच्या काळातही शिधा सरकारने फुकट द्यायचा, असे ठरले. दीडशे वर्षे पगाराच्या दिवशी वाण्याची वही घेऊन बसणारा माणूस पलटणीच्या लायनीतून हळूहळू बाहेर पडला. कपडे आणि किटचा मोठा भागही पुढे सरकारी खात्यातून येऊ लागला. १९२२च्या फेररचनेत १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ या पलटणी मिळून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री झाली. पायोनियर पलटणींत गेलेली जुनी मरीन बटालियन १९३३ साली बरखास्त झाली.